शपथ, शाप आणि शिवी



या वसंत व्याख्यानमालेत मला वाणीविषयी, विशेषतः शिवीगाळीविषयी, ख्रिस्ती दृष्टीने बोलण्यास सांगण्यात आले आहे. मी पाद्री नाही आणि पंडितही नाही. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि चर्चच्या बाकावर झाले. तेव्हा मी जे सांगणार आहे ते शुभवर्तमान वाचणाऱ्या एका युनियनच्या माणसाचे सांगणे आहे, एवढे आपण ध्यानात ठेवावे. श्रोत्यांत सर्व धर्मांची माणसे आहेत. कोणाला आपल्या पंगतीत ओढण्याचा माझा हेतू नाही. जीभ सर्वांनाच दिलेली आहे, आणि तिला हाड कोणाच्याच नाही.

वाणीच्या अपराधांचे तीन प्रकार मला दिसतात, आणि आपल्या मराठीत तिन्ही शब्द 'श'नेच सुरू होतात : शपथ, शाप आणि शिवी. शपथेत माणूस देवाला साक्षीला ओढतो. शापात देवाला मारेकरी करतो. शिवीत देवाला विसरून समोरच्या माणसालाच खाली पाडतो. येशूने आणि त्याच्या शिष्यांनी या तिन्हींचा विचार केलेला आहे. तो क्रमाने पाहू.

प्रथम शपथ. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या ते सातव्या अध्यायांत येशूचे डोंगरावरील प्रवचन आहे. नारायण वामन टिळक राजनांदगावच्या प्रवासात असताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि याच प्रवचनापाशी त्यांचे मन अडकले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या प्रवचनात येशू सांगतो की, स्वर्गाची नको, पृथ्वीची नको, स्वतःच्या डोक्याचीही शपथ वाहू नका. तुमचे 'होय' हे होय असावे आणि 'नाही' हे नाही असावे. यात मोठे मर्म आहे. शपथ कोणाला घ्यावी लागते? ज्याच्या साध्या शब्दाला बाजारात किंमत नाही त्याला. साहेब म्हणतो, 'मी सांगतो म्हणून', आणि ते पुरते. कामगाराला मात्र हजेरी सिद्ध करण्यासाठी आईची, लेकराची, देवाची शपथ घ्यावी लागते. ज्या समाजात गरिबाला पावलोपावली शपथ वाहावी लागते, त्या समाजाने त्याचा शब्द आधीच खोटा धरलेला असतो. आपल्या राज्यघटनेने पद स्वीकारणाऱ्याला दोन वाटा ठेवल्या आहेत : ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यावी, किंवा नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. दुसरी वाट म्हणजे माणसाच्या शब्दावर ठेवलेला विश्वास आहे. तो विश्वास मंत्र्याला मिळतो, तसा तो लोडरलाही मिळाला पाहिजे.

आता शाप. नव्या करारात याकोबाचे एक लहानसे पत्र आहे, अवघे पाच अध्यायांचे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात तो जिभेविषयी बोलतो. घोड्याच्या तोंडातला लगाम लहान, पण सारा घोडा वळवतो. जहाजाचे सुकाणू लहान, पण मोठे जहाज फिरवते. तशीच जीभ लहान. आणि लहानशी ठिणगी केवढे रान पेटवते, ते पाहा, असे तो म्हणतो. हे वाचताना मला नेहमी वाटते की, हा मनुष्य आपल्या जिल्ह्यात येऊन गेला असावा! मोहाची फुले वेचण्याच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा साफ व्हावा म्हणून कोणी काडी लावतो. त्याला एक झाडाखालची जागा हवी असते. वारा सुटतो आणि डोंगर पेटतो. वणवा लावणाऱ्याच्या मनात वणवा नसतोच. त्याच्या मनात आपली टोपली असते. जिभेचेही तसेच आहे. रागाच्या भरात गेलेला शब्द आपल्याला एका माणसापुरता वाटतो, पण तो घर पेटवतो, वाडा पेटवतो, कधी संप बुडवतो.

याकोब पुढे म्हणतो की, सर्व जातीचे पशुपक्षी माणसाने वश केले, पण जिभेला कोणी वश करू शकला नाही. ताडोब्याच्या वाटेवर राहणारे आपण पहिल्या विधानावर शंका घेऊ. दुसऱ्याविषयी मात्र शंका नाही. आणि मग तो मुख्य गोष्ट सांगतो : ज्या तोंडाने आपण देवाची स्तुती करतो, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाला शाप देतो, एका झऱ्यातून गोड आणि कडू पाणी कसे निघेल? ख्रिस्ती विचाराचा पाया येथे आहे. शिवी वाईट ती कानाला ओंगळ लागते म्हणून नव्हे. ती माणसावर पडते, आणि माणसावर देवाचा ठसा आहे, म्हणून ती वाईट.

आता शिवीकडे येऊ. डोंगरावरच्या त्याच प्रवचनात येशू एका शिवीचे नावच घेतो. ती म्हणजे 'राका'. हा अरामी भाषेतला शब्द. अर्थ रिकाम्या डोक्याचा, कवडीमोलाचा. आजच्या मानाने ही शिवी अगदीच सौम्य. पण येशू खुनाच्या आज्ञेविषयी बोलता बोलता तिच्यापाशी येतो. खून करू नको, हे तुम्ही ऐकले आहे. पण जो आपल्या भावाला 'राका' म्हणतो तोही न्यायाला पात्र आहे, असा त्या बोलण्याचा भाव आहे. 'तू कवडीमोलाचा' असे एकदा ठरवले की पुढची कामे सोपी होतात. कवडीमोलाच्या माणसाला कमी मजुरी देता येते, त्याच्या डोक्यावर छत धड आहे का ते पाहावे लागत नाही.

आपल्या मराठी शिव्या कोठून आल्या, याचा कोणी विचार करीत नाही. बायांवरून दिली जाणारी जी सर्वांत सर्रास शिवी आहे, ती मी या व्यासपीठावरून उच्चारणार नाही; आपल्याला ती ठाऊक आहे. तिचा मूळ अर्थ केवळ 'विधवा' एवढाच आहे. नवरा मेला हा जिचा अपराध, तिचे नाव शिवी झाले, आणि तिचे मूल म्हणजे दुसरी शिवी. बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले ते याच बायांच्या दुःखावर. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले ते याच बायांसाठी, आणि पुढे केडगावला मुक्तिसदन उभारले. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते पुस्तक पूर्ण छापून निघाले. साध्या, कमी शिकलेल्या बाईला समजावे म्हणून त्यांनी तो खटाटोप केला. ज्यांचे नाव शिवी झाले होते, त्यांच्या हाती रमाबाईंनी ग्रंथ दिला. शिवीला याहून मोठे उत्तर मला माहीत नाही.

दुसऱ्या शिव्या जातीवरून येतात. माणसाच्या जातीचे नावच शिवी म्हणून वापरायचे, ही आपली जुनी खोड. आपल्या याच चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा हजारो लोकांनी लादलेली ओळख टाकून स्वतः निवडलेली ओळख घेतली. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने जातीवरून चारचौघांत केलेला अपमान हा गुन्हा ठरवला. कायद्याने शिवी मनातून जात नाही हे खरे. पण शिवी ही नुसती हवा नसून इजा आहे, हे तरी कायद्याने मान्य केले.

तिसऱ्या शिव्या रोगावरून आणि शरीरावरून येतात. 'महारोगी' हा शब्द आपल्या घरांत शिवीसारखा वापरला जाई. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली संस्था स्थापन केली, तिच्या नावातच त्यांनी तो शब्द घातला : महारोगी सेवा समिती. शिवी म्हणून फेकलेला शब्द सेवेच्या पाटीवर आला. मार्काच्या शुभवर्तमानात एक कुष्ठी येशूकडे येतो, तेव्हा येशू आधी त्याला स्पर्श करतो आणि मग बोलतो. गोड बोलण्याच्या आधी हात पुढे यावा लागतो, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता शिवीचा प्रवास पाहू. आपल्याकडे म्हण आहे, वड्याचे तेल वांग्यावर. वरचा साहेब मॅनेजरला टोचून बोलतो. मॅनेजर ओव्हरमनला झाडतो. ओव्हरमन खाणीत उतरून लोडरवर तोंड सोडतो. लोडर पाळी संपवून घरी जातो आणि बायकोवर ओरडतो, बायको पोरावर, आणि पोर कुत्र्याला दगड मारते. शिवी पाण्यासारखी उताराने वाहते; ती चढावर क्वचितच जाते. आपल्या भागातला 'बे' घ्या. दोन मित्र 'काय बे' म्हणतात तेव्हा त्यात माया असते. तोच 'बे' वीस वर्षांच्या बाबूने पन्नाशीच्या मजुराला लावला की तो गालावर मारल्यासारखा लागतो. अक्षर एकच, पण एकदा ते सपाटीवर बोलले गेले, एकदा शिडीवरून. म्हणून कोणता शब्द वाईट याची यादी करून भागत नाही. बोलणारा कोठे उभा आहे तेही पाहावे लागते.

माझा अनुभव असा की, जेथे शिवी जास्त, तेथे मापात खोट असते. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर जाऊन पाहा. बाई पहाटे रानात गेली, दिवसभर पाने तोडली, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले, आणि संध्याकाळी मोजणीला बसली. पुडे बाजूला काढायचे असतील तर मुन्शी आधी आवाज चढवतो. शिवी ऐकून बाई गांगरते, मान खाली घालते, आणि मान खाली गेली की मोजणीवरची नजर उडते. त्या शिवीत नुसता राग नसतो, हिशेब असतो. म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना मी सांगतो : शिवी ऐकू आली की कान झाकू नका, वही उघडा.

येथे एक आक्षेप येतो. आमची पोरे म्हणतात, 'दादा, शिवी ही कष्टकऱ्याची भाषा आहे. ती काढून टाकणे म्हणजे आम्हाला पांढरपेशे करणे.' यात थोडे तथ्य आहे. स्वच्छ भाषेतही क्रौर्य असते. 'आपल्या सेवेची यापुढे गरज उरलेली नाही' या वाक्यात एकही अपशब्द नाही, व्याकरण शुद्ध आहे, आणि त्याने पाच माणसांची चूल विझते. पेहरावासारखी नेसलेली सभ्यता मला मान्य नाही. पण म्हणून शिवी आपली मैत्रीण ठरत नाही. व्यवहार पाहा. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका केबल कारखान्यातील माणसाच्या प्रकरणात, शिवीगाळीसाठी बडतर्फी ही फार मोठी शिक्षा आहे असे म्हणून त्याला कामावर घ्यायला लावले. २००५ साली त्याच न्यायालयाने एका मोटार कारखान्यातील कामगाराची बडतर्फी कायम केली. सुपरवायझरला घाणेरड्या शिव्या दिल्याचा आरोप त्याच्यावर होता, आणि खाली त्याला मिळालेला दिलासा गेला. ओव्हरमनच्या रोजच्या शिवीची नोंद कोठेच होत नाही; कामगाराची एक शिवी मात्र आरोपपत्रात तारीखवार लिहिली जाते. आपली मागणी दहा आणे खरी असते. शिवी दिली की साऱ्या चौकशीत मागणी बाजूला पडते आणि शिवीच उरते. शत्रूच्या हाती दारूगोळा देणारी भाषा कष्टकऱ्याची कशी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोड बोला, उलट शिवी देऊ नका, हा उपदेश म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार नव्हे काय? ख्रिस्ती माणसाने या प्रश्नाला प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे. पेत्राच्या पहिल्या पत्रात घरच्या दासांना सांगितले आहे की, कठोर धन्याच्याही अधीन राहा, आणि दाखला दिला आहे ख्रिस्ताचा, ज्याने शिवीला उलट शिवी दिली नाही. अमेरिकेतील गुलामांच्या मालकांनी असली वचने फार सोयीने वापरली. पण हे पत्र ज्याच्या नावे आहे तो पेत्र कोण होता ते पाहा. तो मासे धरणारा कष्टकरी होता. येशूला पकडून नेले त्या रात्री तो अंगणात शेकोटीपाशी उभा होता. लोक म्हणाले, तू त्याच्यातलाच, तुझी बोलीच सांगते. गालीलची बोली यरुशलेमकरांना वेगळी वाटे, जशी आपली झाडीबोली पुण्या-मुंबईला वाटते. तेव्हा पेत्र शाप आणि शपथा उच्चारू लागला की, मी त्या माणसाला ओळखतही नाही. तो शूर होता म्हणून शिव्याशाप देत नव्हता; भ्याला होता म्हणून देत होता. मी कितीतरी सभांत पाहिले आहे, सर्वांत मोठ्याने शिव्या देणारा दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत सर्वांत आधी गप्प होतो.

त्याच रात्री आत चौकशी चालली होती. एका शिपायाने येशूच्या तोंडावर चपराक मारली. येशूने शिवी दिली नाही, पण तो गप्पही राहिला नाही. योहान लिहितो की, येशूने त्याला विचारले : मी वाईट बोललो असेन तर काय वाईट बोललो ते सिद्ध कर, चांगले बोललो असेन तर मला का मारतोस? मंडळी, हे आमच्या युनियनचे बोलणे आहे! आरोप काय तो लेखी द्या, पुरावा दाखवा, नाहीतर शिक्षा कशाची? सौम्य वाणी आणि ताठ मान एकत्र कशी राहते, ते या एका प्रश्नात दिसते.

मग येशू कधी कठोर बोललाच नाही काय? बोलला. शास्त्री-परुश्यांना तो सापाची पिल्ले म्हणाला, चुना लावलेल्या कबरी म्हणाला. हेरोद राजाला कोल्हा म्हणाला. पण त्या बोलण्याची तपासणी करा. पहिले, ते वरच्यांना उद्देशून होते, दुबळ्यांना नव्हे. दुसरे, त्यात कृत्याचे नाव होते : तुम्ही विधवांची घरे गिळता, पुदिन्याचा दशांश मोजता आणि न्याय सोडता. तिसरे, त्यात कोणाच्या आईबहिणीला, जातीला, व्यंगाला ओढलेले नव्हते. त्यात मी धंद्याच्या अनुभवाने चौथी कसोटी घालतो : आज ज्याला बोललो त्याच्याबरोबर उद्या करारावर सही करता येईल काय? या चार कसोट्यांना उतरेल ते बोलणे कितीही तिखट असो, ती शिवी नव्हे.

मराठीत याचा उत्तम नमुना लक्ष्मीबाई टिळकांनी ठेवला आहे. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. १९३४पासून निघालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनी वडिलांचे सोवळ्याचे वेड सांगितले, सासऱ्यांचा जाच सांगितला, टिळकांचा भडका उडणारा स्वभाव सांगितला. काही लपवले नाही. तरी साऱ्या पुस्तकात कोणाविषयी विष नाही. वाचणारा हसतो, आणि हसता हसता त्याला त्या घरातल्या बाईचे दुःख कळते. खरे सांगणे आणि मायेने सांगणे ही दोन कामे नाहीत, हे त्या बाईने दाखवले.

येथे ख्रिस्ती मंडळींनाही आरसा पाहावा लागेल. एकोणिसाव्या शतकात काही मिशनऱ्यांनी दुसऱ्यांच्या देवाधर्मावर पुस्तिका छापल्या, त्यांत प्रेमाच्या धर्माला न शोभणारी भाषा होती. त्यातूनच १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद रंगले. जिंकले कोण, याची चर्चा झाली. मने मात्र जोडली गेली नाहीत. टिळकांनी जेव्हा अभंगात आणि ओवीत ख्रिस्त गायिला, तेव्हा लोकांनी कान दिले. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या भाषेचा मान राखणे, ही दयाळू वाणीची पहिली पायरी. नागपूरला स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोंडांच्या कथा आणि शब्द कान देऊन टिपून घेतले. १८६३ साली तो वारला आणि १८६६ साली ते कागद छापले गेले. ज्यांना शहरातला मनुष्य 'जंगली' म्हणत होता, त्यांच्याकडे ऐकण्यासारखे काही आहे असे त्याला वाटले, ही गोष्ट लहान नाही.

ते आजही खरे आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आपल्याला माहीत आहे. २००९ साली त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्या गावाची रीत अशी की, निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. आता विचार करा, ज्याच्या होकारावाचून आपले काम अडते त्याला आपण शिवी देऊ काय? जेथे प्रत्येकाचा होकार लागतो तेथे वाणी आपोआप सरळ होते. उपदेशाने जे होत नाही ते न्यायाच्या रचनेने होते.

म्हणून शेवटी पुन्हा याकोबाच्या पत्राकडे वळतो. तिसऱ्या अध्यायात तो जिभेला लगाम घालायला सांगतो. पण पत्र तेथे संपत नाही. पाचव्या अध्यायात तो धनवंतांना म्हणतो की, तुमची शेते कापणाऱ्या मजुरांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि ती आरोळी देवाच्या कानी पोचली आहे. एकच लेखक, एकच पत्र. मालकवर्ग आम्हाला तिसरा अध्याय वाचून दाखवतो आणि पुस्तक मिटतो. आमची काही मंडळी नुसता पाचवा वाचतात आणि तिसरा गाळतात. पत्र सगळे वाचले पाहिजे. मजुरी अडकलेली असेल तर नुसत्या गोड बोलण्याने देव फसत नाही. आणि जीभ मोकाट असेल तर मजुरीची आरोळी शिव्यांच्या गोंगाटात ऐकूच जात नाही.

आपण सर्वांनी एवढे करावे. ज्याला काम सांगतो त्याला नावाने हाक मारावी, आणि नावापुढे भाऊ किंवा बाई लावावे. शिवी ऐकली तर उलट शिवी न देता विचारावे : काय चुकले ते सांगा. आणि कोणी मान खाली घालून शिवी ऐकत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहावे. याला शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. थोडे धैर्य मात्र लागते.